सात टेराबाइटची वारी आणि एकच प्रोजेक्ट फाइल

प्रश्न थोडक्यात असा. २०२४च्या आषाढी वारीवर एक डॉक्युमेंटरी शूट झाली आहे. एक युनिट माउलींच्या पालखीबरोबर होतं, दुसरं तुकोबांच्या. सोनीचे तीन कॅमेरे, ड्रोन, एक गोप्रो, मोबाइलवरचे काही शॉट आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. साधारण १६० तासांचं, सात टेराबाइटच्या पुढे जाणारं फुटेज, आणि ते सगळं प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या एकाच प्रोजेक्टमध्ये. प्रोजेक्ट उघडायला दहा मिनिटं लागतात, ऑटोसेव्ह आली की हात बांधून बसावं लागतं, आठवणारा शॉट सापडत नाही. लवकरच दुसरा एडिटर रुजू होणार आहे. नव्वद मिनिटांची फिल्म करायची आहे आणि त्यातूनच टीव्हीसाठी ५२ मिनिटांची आवृत्ती. विचारलंय ते असं, की रॅम वाढवावी का, की सगळं उचलून रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जावं?

दोन्ही नको, निदान आधी नको. रॅम वाढवल्याने प्लेबॅक थोडा सुधारेल, प्रोजेक्ट उघडायचा वेळ फारसा कमी होणार नाही. आणि रिझॉल्व्हमध्ये गेलात तरी पसारा तोच राहील, फक्त घर बदलेल.

प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल म्हणजे दाबून लहान केलेली एक्सएमएल फाइल, शेवटी मजकूरच. त्यात व्हिडिओ नसतो. पण प्रत्येक क्लिपची नोंद, प्रत्येक सीक्वेन्समधला (म्हणजे शॉट ओळीने लावलेल्या टाइमलाइनमधला) प्रत्येक कट, प्रत्येक इफेक्टचा प्रत्येक कीफ्रेम (इफेक्ट जिथे बदलतो ती खूण) त्यात लिहिलेला असतो. प्रोजेक्ट उघडताना हे सगळं वाचलं जातं आणि सेव्ह करताना सगळं पुन्हा लिहिलं जातं, मग तुम्ही एकच कट दोन फ्रेमने हलवलेला असला तरी. त्यामुळे फुटेज सात टेराबाइट आहे ही तुमची अडचण नाही. एका फाइलमध्ये किती नोंदी कोंबल्या आहेत, ही अडचण आहे.

अशा जड प्रोजेक्टमध्ये दोन गोष्टी हमखास सापडतात. पहिली, वॉर्प स्टॅबिलायझर, म्हणजे हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट. त्याने केलेलं विश्लेषण प्रोजेक्ट फाइलमध्येच साठतं, आणि वारीत चालता चालता घेतलेला प्रत्येक शॉट हलतो म्हणून तो दिसेल तिथे लावलेला असतो. दुसरी, जुन्या कटांच्या प्रती. 'रफ कट', 'रफ कट कॉपी', 'रफ कट कॉपी नवा'. दीड तासाच्या सीक्वेन्सच्या अशा वीस प्रती म्हणजे हजारो कटांच्या वीसपट नोंदी. आज संध्याकाळी प्रोजेक्टची एक प्रत काढा. त्या प्रतीतून स्टॅबिलायझर काढून टाका, शेवटचे दोन कट ठेवून बाकीचे उडवा आणि फाइलचा आकार बघा. बहुतेक वेळा एवढ्यानेच अर्धं दुखणं कळतं. स्टॅबिलायझेशन कट लॉक झाल्यावर, म्हणजे पक्का होऊन बदल थांबल्यावर, लावायचं काम आहे. तोवर दिग्दर्शकाला थोडं हलणारं चित्र बघू द्या.

पण हा तात्पुरता उपाय झाला. खरं काम मांडणीचं आहे, आणि त्याबाबत माझं मत ठाम आहे. डिस्कवरची मांडणी फक्त शूटच्या वस्तुस्थितीवर करावी. अर्थावर, कथेवर कधीही नाही. तारीख, युनिट, कॅमेरा, कार्ड एवढंच, कारण या चार गोष्टी बदलत नाहीत. दिवे घाटातला एखादा शॉट आज तुम्हाला 'गर्दी' वाटतो, तीन महिन्यांनी तो 'पाऊस' होतो आणि शेवटी शीर्षकाच्या मागे जातो. दर वेळी फाइल या फोल्डरमधून त्या फोल्डरमध्ये हलवलीत, तर दर वेळी प्रोजेक्टशी असलेली तिची लिंक तुटणार.

ठिकाणावर फोल्डर करायचा मोह या विषयात फार होतो, कारण मुक्काम ठरलेले आहेत: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद... पण पुण्यात दोन्ही पालख्या एकाच दिवशी येतात आणि वाखरीला पुन्हा एकत्र होतात. शिवाय एकाच कार्डावर सकाळचं सासवड आणि संध्याकाळचं जेजुरी असतं. कार्ड फोडून दोन ठिकाणी टाकलंत, की त्या कार्डाची प्रत पूर्ण आहे की नाही हे पुढे कोणीच सांगू शकणार नाही. ठिकाण ही प्रोजेक्टमध्ये लिहायची माहिती आहे, डिस्कवर नाही.

तर पहिल्या दिवसाचं फोल्डर '२०२४०६२९_माउली', त्यात 'कॅम_ए', त्यात 'ए_००१', 'ए_००२' अशी कार्डं. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिलं, की फोल्डर आपोआप शूटच्या क्रमाने लागतात. मी इथे देवनागरीत लिहितोय, पण डिस्कवर नावं रोमन लिपीत आणि मधे जागा न सोडता ठेवा. 'वारकऱ्यांचे' मधला तो 'ऱ' संगणकात दोन प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना एकच अक्षर दिसतं, पण मॅक आणि विंडोज अशा दोन यंत्रांवर काम फिरलं, की सॉफ्टवेअरच्या लेखी ती दोन वेगळी नावं ठरू शकतात. विंडोजवर फोल्डरसकट पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची जुनी मर्यादाही अजून अनेक ठिकाणी आडवी येते, म्हणून नावं आखूड ठेवा.

कार्ड जसं आहे तसं, संपूर्ण उतरवा. सोनीच्या कार्डात 'प्रायव्हेट' फोल्डरच्या आत 'एम४रूट' असतं आणि त्याच्या आत क्लिप. नुसत्या एमपी४ फाइली वेचून घेणारे असिस्टंट शेजारच्या एक्सएमएल फाइली मागे सोडतात आणि त्यांच्याबरोबर बरीच माहिती जाते. उतरवताना कॉपी-पेस्ट नको, चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) तपासणारं साधन वापरा. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत मीडिया पेजवर क्लोन टूल आहे. ते मूळ आणि प्रत ताडून बघतं. एडिट कशातही करत असलात तरी तेवढ्यासाठी रिझॉल्व्ह मशीनवर असावं.

आता एकसारख्या नावांची भानगड. तुमच्या तिन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिपांची नावं 'सी०००१', 'सी०००२' अशी असणार, आणि सेटिंगनुसार दर कार्डाला पुन्हा एकपासून सुरू झालेली असू शकतात. म्हणजे तुमच्याकडे डझनभर तरी 'सी०००१' आहेत. डिस्क बदलली आणि रिलिंक करायची, म्हणजे प्रोजेक्टला फाइली पुन्हा जोडून द्यायची, वेळ आली की प्रीमियर नाव बघतो आणि समोर दिसलेला पहिला 'सी०००१' जोडतो. टाइमलाइनवर रिंगणाच्या जागी एखाद्या मुक्कामाच्या तंबूचा शॉट येतो, कटची लांबी तीच राहते, फाइल हरवल्याची लाल पाटी कुठेही दिसत नाही. मोठ्या आणि ठळक शॉटमध्ये हे लगेच कळतं. कटअवेमध्ये (मधे टाकलेल्या छोट्या जोडशॉटमध्ये) प्रिव्ह्यूपर्यंत कळत नाही. लिंक मीडियाच्या खिडकीत फक्त फाइलचं नाव जुळवू नका, 'मीडिया स्टार्ट'चीही खूण करा, म्हणजे सुरुवातीचा टाइमकोडही (प्रत्येक फ्रेमवर नोंदलेली वेळ) जुळावा लागेल. पुढच्या शूटला कॅमेऱ्यातच प्रत्येक बॉडीला वेगळं नाव द्या. आत्ता, काम सुरू झाल्यावर, डिस्कवरच्या फाइलींची नावं बदलायला जाऊ नका. प्रोजेक्टमधलं क्लिपचं नाव बदलायला हरकत नाही, त्याने मूळ फाइलला धक्का लागत नाही. गोप्रोचा वेगळा खेळ आहे. लांब शॉटचे तो तुकडे करतो आणि क्रमांक असे देतो की नावाने लावल्यावर तुकडे एकमेकांपासून दूर जातात. 'जीएक्स०१०१२३' चा पुढचा तुकडा 'जीएक्स०२०१२३' असतो, 'जीएक्स०१०१२४' नव्हे. शेवटचे चार आकडे शॉटचे आणि त्याआधीचे दोन तुकड्याचे.

एका प्रोजेक्टचे अनेक प्रोजेक्ट

प्रीमियरमध्ये याला प्रॉडक्शन्स म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये, १४.१ आवृत्तीपासून ही सोय आली. प्रॉडक्शन म्हणजे डिस्कवरचं एक फोल्डर, त्यात अनेक लहान प्रोजेक्ट, आणि ते एकमेकांना ओळखतात. रशेसच्या (कच्च्या फुटेजच्या) प्रोजेक्टमधली क्लिप उचलून कटच्या प्रोजेक्टमधल्या सीक्वेन्समध्ये टाकली, तर तिची दुसरी मास्टर क्लिप, म्हणजे मूळ नोंद, तयार होत नाही. सीक्वेन्स फक्त तिकडे बोट दाखवतो. त्यामुळे कटचा प्रोजेक्ट हलका राहतो आणि तुम्ही सकाळी तेवढाच उघडता. मॅच फ्रेम (टाइमलाइनवरच्या फ्रेमवरून मूळ क्लिप उघडणारी आज्ञा) दाबली की ज्या रशेसच्या प्रोजेक्टमध्ये क्लिप आहे तिथपर्यंत जाता येतं. अ‍ॅव्हिडवाले, म्हणजे त्या नावाच्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करणारे, हे पूर्वीपासून करत आले आहेत. तिथे प्रत्येक बिन (क्लिपा ठेवायचं प्रोजेक्टमधलं फोल्डर) ही वेगळी फाइल असते, म्हणून मोठ्या फिल्म आणि दहा-दहा माणसांच्या टीम तिथे टिकून राहिल्या.

तुमच्या कामासाठी मी असं विभागेन. रशेस: प्रत्येक युनिटच्या प्रत्येक दिवसाचा एक प्रोजेक्ट. सिंक केलेलं साहित्य वेगळं. मुलाखती वेगळ्या, माणसागणिक एक बिन. सिलेक्ट्स, म्हणजे निवडलेले शॉट, वेगळे. मग चालू कट, आणि त्याच्या शेजारी 'जुने कट' नावाचा प्रोजेक्ट, जो एरवी कधीच उघडायचा नाही. संगीत, ग्राफिक्स आणि सबटायटल यांना एकेक. बस. यापेक्षा बारीक चिरलंत तर दिवसभर प्रोजेक्ट उघडण्यात आणि बंद करण्यात जाईल.

दोन पथ्यं. प्रॉडक्शनमधल्या प्रोजेक्टचं नाव बदलायचं किंवा जागा बदलायची असेल तर ते प्रीमियरच्या प्रॉडक्शन पॅनेलमधूनच करा. फाइंडर किंवा एक्सप्लोररमधून केलं तर एकमेकांकडे दाखवलेली बोटं चुकतात. आणि जुना जड प्रोजेक्ट नव्या प्रॉडक्शनमध्ये आणताना, तीच कार्डं पुन्हा इम्पोर्ट करून शेजारी जुना कट पेस्ट करू नका. मग एकाच शॉटच्या दोन मास्टर क्लिप होतात. एकीवर मार्कर (तुम्ही लावलेल्या खुणा) असतात, दुसरीवर नसतात. आधी जुना प्रोजेक्ट प्रॉडक्शनमध्ये जोडून घ्या, एडिट मेन्यूतल्या 'कन्सॉलिडेट डुप्लिकेट्स'ने दुहेरी क्लिपा एक करा, आणि मग बिन एकेक करून नव्या प्रोजेक्टांत न्या. पहिली बिन हलवली की थांबा, कट उघडा, मॅच फ्रेम करून बघा. बरोबर जागी गेलात तर पुढची.

सिंक: इथे घाई केलीत तर पुढे दोन महिने रडाल

वारीतला आवाज आपोआप सिंक करायला, म्हणजे चित्राशी जुळवायला, फार वाईट. सॉफ्टवेअर दोन आवाजांच्या लाटा जुळवून बघतं, आणि 'ज्ञानोबा-तुकाराम'चा गजर तर मिनिटामागून मिनिट तोच ठेका, तेच टाळ. जुळणी एका आवर्तनाने पुढे-मागे बसते आणि चित्र लांबचं असेल तर लक्षातही येत नाही. त्यात प्रत्येक दिंडीचा अभंग वेगळा. एका कॅमेऱ्याच्या माइकवर पुढची दिंडी मोठी आली असेल आणि रेकॉर्डरवर मागची, तर यंत्राने काय जुळवायचं?

दुसरी गोष्ट लोक विसरतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रिंगणाच्या वेळी लांब लेन्स लावून शंभर मीटरवर उभा असलेला कॅमेरा जो आवाज टिपतो तो जवळपास तीन दशांश सेकंद उशिरा पोचलेला असतो. २५ फ्रेमच्या हिशेबात सात फ्रेम. रेकॉर्डर मात्र मृदंगाजवळ. लाटा अगदी अचूक जुळवल्यात तर नेमकं चित्र सात फ्रेमने चुकतं. थाप पडलेली दिसते एकीकडे, ऐकू येते दुसरीकडे. म्हणून लाटांनी जुळवलेला प्रत्येक लांबचा शॉट हाताने तपासा: टाळ मिटतानाची फ्रेम शोधा आणि रेकॉर्डरवरचा तो ठोका तिथे आणून ठेवा.

टाइमकोडची डबी (सगळ्या यंत्रांना एकच टाइमकोड देणारं उपकरण) वापरली असेल तर हे सगळं सोपं आहे. कॅमेऱ्याच्या एका ऑडिओ चॅनेलवर टाइमकोडचा किर्र आवाज रेकॉर्ड झालेला असेल तर रिझॉल्व्हमध्ये ऑडिओ ट्रॅकवरून क्लिपचा टाइमकोड बदलून घेता येतो. डबी नसेल तर निदान रोज सकाळी सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं मिळवली होती का ते युनिटला विचारा. काहीही झालं नसेल तर आधी तासाच्या अंदाजाने क्लिपा लावा आणि मग कोणीतरी माइकजवळ बोललेला शब्द शोधा. बोललेला शब्द एकदाच येतो.

सिंक झालेलं साहित्य प्रीमियरमध्ये 'मर्ज क्लिप' करून ठेवू नका, मल्टिकॅम सोर्स सीक्वेन्स (कॅमेरे आणि आवाज एकत्र जुळवून ठेवणारा सीक्वेन्स) करा, कॅमेरा एकच असला तरी. मर्ज क्लिपमध्ये मूळ आवाजाच्या फाइलची माहिती नीट पुढे जात नाही आणि साउंडवाल्याला एएएफ (आवाजाच्या कामासाठी टाइमलाइन पाठवायची फाइल) पाठवायची वेळ आली की ते कळतं. मल्टिकॅम उघडून सिंक दुरुस्तही करता येतं.

मोबाइलचे शॉट आधी बाजूला काढा. त्यांचा फ्रेम रेट मधेच कमी-जास्त होतो, त्यामुळे सुरुवातीला जुळलेला आवाज दहा मिनिटांनी सरकलेला असतो. शटर एन्कोडर किंवा हँडब्रेकमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून मगच इम्पोर्ट करा, आणि मूळ फाइल तिच्या जागी राहू द्या. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेलं असेल तर मूळ फाइल मागवा. व्हॉट्सअ‍ॅप चित्र चेपून टाकतं.

लॉगिंग: फ्रेममध्ये दिसत नाही ते लिहा

लॉगिंग म्हणजे प्रत्येक शॉटची लेखी नोंद. शॉट सापडत नाहीत म्हणून लोक साठ-सत्तर टॅग तयार करतात आणि तिसऱ्या दिवशी टॅग लावणं सोडून देतात. डझनभरापेक्षा जास्त विषय नकोत. आणि 'गर्दी', 'वाइड', 'सूर्यास्त' असं लिहिण्यात वेळ घालवू नका, ते थंबनेलमध्ये दिसतंच. जे दिसत नाही ते लिहा.

माणूस कोण. दिंडी कुठली: रथापुढची की रथामागची आणि तिचा क्रमांक. दिंड्यांना क्रमांक असतात, त्यामुळे हा आयता टॅग आहे, आणि तेच विणेकरी चौथ्या दिवशी आणि चौदाव्या दिवशी शोधायचे असतील तर याच्याइतका उपयोगी दुसरा नाही. कोणता अभंग चाललाय, त्याचे पहिले दोन शब्द. लोणंदचा शॉट आणि वेळापूरचा शॉट शेजारी लावताना ओठांवर एकच अभंग असेल तर कट लपतो. संमती घेतली आहे का. आणि एक गोष्ट जी मी प्रत्येक मिरवणुकीच्या कामात असिस्टंटकडून आग्रहाने लिहून घेतो: चालण्याची दिशा. पडद्यावर लोक डावीकडून उजवीकडे जाताहेत की उलट? कॅमेरामन रस्त्याच्या कुठल्या कडेला उभा होता यावर ते ठरतं. एका प्रसंगात दिशा उलटली तर प्रेक्षकाला वाटतं दिंडी परत निघाली. 'डा-उ' आणि 'उ-डा' एवढं लॉग नोटच्या रकान्यात लिहिलं असेल तर सर्चमध्ये ते एका सेकंदात मिळतं.

मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्शन यंत्रावर सोडू नका. परभणीकडची बाई, सांगोल्याचा माणूस आणि पुण्याचा आयटीवाला हे एकाच फिल्ममध्ये आहेत, आणि पार्श्वभूमीला टाळ. भाषा कळणारं माणूस बसवा. साध्या शीटमध्ये चार रकाने पुरतात: क्लिप, टाइमकोड, बोललेलं जसंच्या तसं, आणि शेरा. बोली दुरुस्त करायची नाही. 'म्या' म्हटलं असेल तर 'म्या'च लिहायचं, नाहीतर सर्चमध्ये जे शोधाल ते बोललेलं नसेल. कागदावर खुणा करून पहिला लाइनअप लावलात की मुलाखतींचे तीस तास चार तासांवर येतात.

बाकीच्या साहित्यासाठी प्रत्येक विषयाचा एक लांब सिलेक्ट सीक्वेन्स करा: पाऊस आणि चिखल, पंगत, टँकरजवळची पाण्याची रांग, अश्व, फुगड्या, पहाट. शॉट शूटच्या क्रमाने, ठिकाण बदललं की मधे दोन सेकंद रिकामे आणि मार्करवर तारीख. चालणाऱ्या पायांचाही एक कराल, तो सगळ्यात लांब असेल. वारीला गेलेला कॅमेरामन पायांचे शॉट घेतल्याशिवाय परत येत नाही. मग हा सिलेक्ट वरच्या टाइमलाइनमध्ये, चालू कट खालच्या टाइमलाइनमध्ये, आणि वरून खाली ओढत जायचं. बिनमध्ये थंबनेल चाळण्यापेक्षा हे कितीतरी वेगवान, कारण चित्र डोळ्यांसमोरून जातं आणि विसरलेला शॉटही भेटतो.

प्रॉक्सी

कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटवर चालला असेल तर तासाला ४५ जीबी होतात. १६० तासांचे ७,२०० जीबी, म्हणजे तुमचा आकडा बरोबर बसतो. या फाइली एच२६४ किंवा एच२६५ मध्ये असणार, आणि त्या साठवायला हलक्या, चालवायला जड. म्हणून एडिटसाठी त्यांच्या कमी दर्जाच्या, सहज चालणाऱ्या प्रती करायच्या, त्यांना प्रॉक्सी म्हणतात. ७२० रेषांच्या प्रोरेस प्रॉक्सी तासाला सुमारे ९ जीबी घेतात. सगळ्या फुटेजच्या मिळून दीड टेराबाइटच्या आत. म्हणजे दोन टेराबाइटच्या एका एसएसडीवर सगळी फिल्म मावते, आणि प्रत्येक एडिटरला अशी एक डिस्क देता येते. १०८० रेषांच्या केल्यात तर तासाला १७ जीबी, आणि त्या डिस्कवर मावणार नाहीत. कट बघायला ७२० पुरतं.

प्रॉक्सीचं नाव, फ्रेम रेट, टाइमकोड आणि ऑडिओ चॅनेलची संख्या मूळ फाइलसारखीच हवी. चॅनेलवर बहुतेक जण अडखळतात. मूळ फाइलमध्ये चार चॅनेल आणि प्रॉक्सीत दोन असतील तर प्रीमियर जोडायला नकार देतो. प्रॉक्सीच्या फोल्डरची रचनाही मूळ फोल्डरसारखीच ठेवा, कारण ते डझनभर 'सी०००१' इथेही आहेतच. प्रॉक्सीच्या एका कोपऱ्यात छोटी खूण छापा. फायनल आउटमध्ये चुकून प्रॉक्सी गेली तर ती खूण चटकन ओरडते.

मीडिया कॅशेची (प्रीमियर स्वतः तयार करतो त्या तात्पुरत्या फाइलींची) जागा बदलून वेगळ्या एसएसडीवर न्या. ती सिस्टम डिस्कवर भरत राहते आणि मशीन हळू झालं की लोक प्रीमियरला शिव्या देतात.

प्रती आणि वीज

मूळ फुटेजच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. निर्मात्याच्या घरी ठेवली तरी चालेल, फक्त त्याच इमारतीत नको. प्रोजेक्ट फाइलींचा प्रश्न सोपा आहे, कारण त्या लहान आहेत. रोज काम संपताना पूर्ण प्रॉडक्शन फोल्डरची तारखेची प्रत क्लाउडवर टाका. ऑटोसेव्ह हा बॅकअप नव्हे. ती त्याच डिस्कवर असते आणि ठराविक संख्येनंतर जुनी प्रत पुसली जाते.

मॅक आणि विंडोज दोन्हीवर चालावी म्हणून डिस्क बहुधा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल. सोयीची आहे, पण लिहिता लिहिता वीज गेली तर ती एनटीएफएस किंवा मॅकच्या पद्धतीइतकी सावरत नाही. गावात बसून काम करत असाल तर यूपीएस मशीनबरोबर डिस्कलाही लावा. बाहेरून वीज घेणारी मोठी डिस्क भिंतीतल्या सॉकेटवर आणि फक्त मशीन यूपीएसवर, हे दृश्य फार ठिकाणी दिसतं.

कट आणि दुसरा एडिटर

नव्वद मिनिटं एका टाइमलाइनवर चालवू नका. रिळं करा. पूर्वी ३५ मिलिमीटरच्या दोन हजार फुटी रिळात साधारण बावीस मिनिटं मावत. आजही वीस मिनिटांच्या आसपास तोडणं सोयीचं, कारण टाइमलाइन हलकी राहते आणि साउंडला पहिलं रीळ आधी देता येतं. तोड प्रसंगाच्या शेवटी घ्या, सलग संगीताच्या मधे नको. कटच्या नावात रीळ, तारीख आणि त्या दिवसाचं अक्षर: 'री२_२०२५०११४_बी'. 'फायनल' हा शब्द नावात येऊच देऊ नका. दिग्दर्शकाला काही दाखवलं की त्या दिवशीचा सीक्वेन्स 'जुने कट'मध्ये जातो आणि नव्या प्रतीवर काम सुरू होतं.

काम वाटताना 'माउली तुझी, तुकोबा माझे' असं युनिटप्रमाणे वाटू नका, रिळांप्रमाणे वाटा. युनिटप्रमाणे वाटलंत तर दोन फिल्म तयार होतात आणि वाखरीला त्या जोडताना लय जुळत नाही. दोघं एकाच नॅसवर (नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर) बसणार असाल तर प्रॉडक्शनमध्ये प्रोजेक्ट लॉकिंग चालू करा. एकाने प्रोजेक्ट उघडला की दुसऱ्याला तो फक्त बघता येतो. वेगवेगळ्या गावांत बसून फाइली पाठवत काम करणार असाल तर हे लॉक तुमच्या उपयोगाचं नाही. तिथे साधा नियम: ज्याच्याकडे रीळ, तोच हात लावणार, आणि देवघेव ग्रुपवर लिहून. दोघांच्या डिस्कचं नाव आणि विंडोजवर ड्राइव्हचं अक्षर एकच ठेवा, म्हणजे रिलिंकचा प्रश्नच येत नाही.

५२ मिनिटांची आवृत्ती नव्वदचा कट लॉक झाल्यावर सुरू करा, वेगळ्या प्रोजेक्टमध्ये, रिळांच्या प्रती घेऊन. दोन्ही समांतर चालवलंत तर एकात केलेली दुरुस्ती दुसरीत राहून जाते, आणि दोन एडिटर असले की हमखास.

रिझॉल्व्हबद्दल विचारलंय म्हणून: ते वाईट आहे म्हणून मी नको म्हणत नाही. स्मार्ट बिन तिथे फार चांगल्या आहेत, रंगकाम तर तिथेच होईल. पण तिथे प्रोजेक्ट साध्या फाइलसारखा फोल्डरमध्ये दिसत नाही, प्रोजेक्ट लायब्ररीत राहतो, आणि तिचा वेगळा बॅकअप घ्यायची सवय तुमच्या टीमला नाही. अर्ध्या कटवर सॉफ्टवेअर बदलणं म्हणजे स्पीड बदललेले शॉट, मल्टिकॅम आणि मार्कर पुन्हा तपासत बसणं. पुढची फिल्म तिथे सुरू करा. तेव्हा प्रोजेक्ट बॅकअप चालू आहे ना ते पहिल्या दिवशी बघा आणि 'प्रोजेक्ट उघडताना सगळ्या टाइमलाइन लोड करा' हा पर्याय बंद ठेवा.

लॉक झालेल्या रिळाची प्रत काढून तिच्यातले मल्टिकॅम फ्लॅटन करा (म्हणजे त्यांच्या जागी साध्या क्लिपा येतात), प्रॉक्सी बंद करून मूळ फाइल जोडलेली आहे ना ते एकदा पूर्ण पळवून बघा. साउंडला एएएफ देताना प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी निदान दोन सेकंदांचे हँडल (कटच्या बाहेरचा जादा आवाज), रिळाच्या चित्राआधी दोन सेकंदांवर एक फ्रेमची बीप, आणि सोबत टाइमकोड छापलेला संदर्भ व्हिडिओ. पहिलं रीळ लॉक होण्याची वाट न बघता दोन मिनिटांचा एक तुकडा आत्ताच साउंडवाल्याकडे आणि कलरिस्टकडे पाठवा. त्यांच्याकडे काय उघडत नाही ते आत्ता कळलं तर दुरुस्त करता येतं, मिक्सिंगच्या आदल्या रात्री कळून उपयोग नसतो.